गडावरचं टाकं साफ करायचंय? आधी हे वाचा

उन्हाळा लागला की ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात, रविवारी अमुक गडावर श्रमदान, येताना फावडं घमेलं आणा. उत्साहाला नावं ठेवत नाही, पण टाक्यातल्या, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या हौदातल्या गाळात गडाची निम्मी गोष्ट पडलेली असते आणि ती एका दुपारी उकरून दरीत ढकलली की गेली ती गेलीच.

पहिलं काम परवानगीचं. गड कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. रायगड, लोहगड, शिवनेरी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे म्हणजे एएसआयकडे, राजगड आणि साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे, आणि कितीतरी छोटे किल्ले कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत, तिथे वनखातं नाहीतर ग्रामपंचायत गाठायची. अर्जात कुठलं टाकं, किती माणसं, कुठली तारीख, गाळ कुठे टाकणार एवढं लिहा आणि सोबत आत्ताचे फोटो जोडा. केंद्राच्या यादीतल्या वास्तूची मोडतोड केली तर २ वर्षं कैद, १ लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, त्यामुळे "आम्ही तर चांगलंच काम करत होतो" हे तिथे चालत नाही. उत्तर यायला वेळ लागतो, कंटाळा येतो, तरी थांबा.

मग वरच्या वाडीत किंवा पायथ्याच्या गावात जाऊन विचारा. कुठल्या टाक्याचं पाणी पितात, कुठलं गुरांचं, हे त्यांनाच माहीत असतं, आणि पिण्याच्या टाक्यात बूट घालून उतरलात तर पुढच्या वेळी चहा विसरा.

फेब्रुवारी ते मे, पाणी तळाला गेलेलं असताना काम घ्या. उतरण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, कागदावर लांबी-रुंदी आणि पायऱ्या कुठे आहेत ते साधं स्केच करा. खांबटाकं (आत कातळाचे खांब राखून खोदलेलं, वरून झाकलेलं टाकं) असेल, आत अंधार आणि कुबट वास असेल तर एकट्याने शिरू नका, हवा कोंडलेली असते, कमरेला दोर आणि बाहेर दोन माणसं पाहिजेतच.

आता गाळ. वरचा थर म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं, तो सरळ पोत्यात. त्याखाली काळी माती लागली की टिकाव, पहार बाजूला ठेवा, खुरपं घ्या. प्रत्येक घमेलं एका ठरलेल्या जागी ओता, पहिल्या हातभराचा ढीग वेगळा, पुढच्याचा वेगळा, आणि वाळूच्या चाळणीतून चाळा. खापराचे तुकडे, बांगड्यांची काच, कौलं, नशीब असेल तर हिरवट पडलेली शिवराई, म्हणजे मराठ्यांचं तांब्याचं नाणं. नाणं शर्टला घासून चमकवायचं नाही, खिशात तर अजिबातच नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो, पाकिटावर कुठल्या थरात मिळालं ते लिहायचं आणि पुरातत्त्व विभागाच्या माणसाला द्यायचं. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेली १० रुपयांवरची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

चाळलेली माती टाक्याच्या वरच्या अंगाला टाकू नका, पहिल्या वळवात सगळी परत आत. हे दरवर्षी कुठेतरी होतंच.

भिंती घासायच्या नाहीत, तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही. कातळात चीर दिसली की कोणीतरी सिमेंटची गोणी वर चढवायला निघतोच, त्याला अडवा. जुन्या बांधकामात कळीचा चुना असतो, तो पाण्याला वाट देतो. सिमेंट घट्ट बसतं, पाणी मागे कोंडतं आणि मग दगडाचाच पापुद्रा सुटतो. काठच्या बांधकामात पिंपळ रुजला असेल तर उपटू नका, मुळासोबत दगड येतात, वरून कापा आणि बाकीचं विभागावर सोडा. आणि जवळच्या वीरगळीला (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेला) ऑइल पेंट लावून "सुंदर" करायची इच्छा झालीच तर तो डबा घरच्या ग्रिलसाठी वापरा.

शेवटी टाक्याकडे पाणी आणणारी कातळातली चर मोकळी करा, बहुतेक जण हीच विसरतात आणि मग टाकं साफ असूनही भरत नाही. जुलैत एकदा वर जाऊन पाणी नेमकं कुठून येतंय, कुठून सांडतंय ते बघा, फोटो काढा आणि आधीच्या फोटोंसोबत विभागाला पाठवा. पुढच्या अर्जाला तेच जोडता येतात.