विकायच्या घराला रंग: खर्च कुठे करायचा, हात कुठे आवरायचा

सांगलीत घर बघायला आलेल्या माणसाची नजर आधी भिंतीच्या खालच्या तीन फुटांवर जाते. 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्यांना पाणी कुठवर चढलं होतं हे फारसं विचारावं लागत नाही, पोपडे आणि लोणा (ओलीमुळे भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) हेच ते सांगतात. म्हणून रंगाचा डबा आणण्याआधी ओल तपासा. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव साचलं तर ओल भिंतीतूनच येतेय. दव फक्त बाहेरच्या बाजूला असेल तर ती घरातली दमट हवा, खिडक्या उघड्या ठेवल्या की भागतं.

लोणा कोरड्या ब्रशनेच झाडायचा. पाण्याने धुतला की क्षार विरघळून परत गिलाव्यात शिरतात आणि भिंत वाळताना पुन्हा वर येतात. अशा भिंतीवर पुट्टी ओढून वर ऑइल पेंट मारणं हा सगळ्यात वाया जाणारा खर्च. पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, क्षार रंगामागे साठतात आणि पापुद्रा सुटतो, कधी कधी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यायच्या आतच. गळका पाइप, पावळीचं पाणी, जोत्याला टेकलेली बागेची माती, यातलं जे कारण असेल ते आधी काढा आणि भिंत वाळू द्या. ते जमणार नसेल तर तेवढा भाग उघडा ठेवून किमतीत बोला. साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो खरेदीदाराला सांगणं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार बंधनकारक आहे. ओल झाकण्यात त्यामुळे दुहेरी तोटा.

भेगांचंही तसंच. केसाएवढी भेग पत्तीच्या टोकाने थोडी रुंद करायची, धूळ झटकायची, ओली करून पुट्टी भरायची. रुंद न करता वरून फासलेली पुट्टी आत शिरत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग मात्र वेगळी. सांगली-मिरजेकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि पाया हलवते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. भेग खुणेपुढे सरकली तर रंगाऱ्याला नको, इंजिनिअरला बोलवा.

आता हिशेब. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली धरली तर भिंती 440 चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता सुमारे 400. साध्या इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे) दोन हात द्यायला लिटरला 60 चौरस फूट धरा, म्हणजे 7 लिटर. चार लिटरचे दोन डबे एकाच बॅचचे घ्या, छताला 2 लिटर पांढरा वेगळा. डब्यावर याहून मोठा आकडा असतो, पण तो गुळगुळीत भिंतीचा. पूर्ण खोलीला पुट्टी करायची तर 30-40 किलो लागते आणि मजुरी वेगळी. विकायच्या घरात तो नाद सोडा. खिळ्यांची भोकं आणि टवके भरायला 5 किलोची पिशवी पुरते. भांड्यात आधी पाणी, मग पावडर. दोन तासांत संपेल तेवढीच कालवायची.

ठिगळ दिसतं ते बहुतेक इथेच. पुट्टी रंग शोषते, म्हणून तिच्यावर थेट रंग लावला की निस्तेज चट्टा उमटतो. पुट्टी वाळल्यावर 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, तेवढ्या जागेवर प्रायमर लावा, मगच रंग. तोच शेड नंबर आणला तरी जुना रंग उन्हाने, धुराने उतरलेला असतो. म्हणून डागापुरतं न थांबता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवा. पंखा बंद ठेवा. रोलरची कड लवकर वाळली की जोड दिसतात. पहिल्या आणि दुसऱ्या हातात चार तास जाऊ द्या.

साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या घरांत भिंतीवरून तळहात फिरवून बघा. हात पांढरा झाला तर चुना आहे. खरवडून, प्रायमर देऊन मगच इमल्शन, नाहीतर पापुद्र्यासकट सोलून येतं. पैसे कमी असतील तर परत चुनाच द्या, त्यात कमीपणा काही नाही.

स्वयंपाकघरातली फोडणीची चिकट आणि देवघरावरची काजळी अर्धी बादली कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून पुसा, मग साध्या पाण्याने. हातात मोजे हवेत. छतावरचा गळतीचा तपकिरी डाग मात्र इमल्शनचे चार हात दिले तरी वर येतो, कारण तो पाण्यात विरघळतो. गळती थांबल्यावर तेवढ्या भागाला टर्पेंटाइनवर चालणारा प्रायमर द्या, एक दिवस वाळवा, मग छत रंगवा.

हात आखडायचा नाही अशी जागा म्हणजे पुढचं दार. तिथे गिऱ्हाईक कुलूप उघडेपर्यंत उभं असतं. कडी-कोयंडा काढून ठेवा, तोरणाच्या खिळ्यांची भोकं लांबीने (लाकडात भरायच्या लगद्याने) भरा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा आणि ऑइल पेंटचे दोन पातळ हात द्या. जाड हात ओघळतो. ग्रिलचा गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड प्रायमर, मग रंग. उंबरठा शेवटी.

हे सगळं घर दाखवायच्या तीन आठवडे आधी उरका. ताज्या रंगाचा वास आला की माणूस काय झाकलंय ते शोधायला लागतो. उरलेला रंग घट्ट झाकून, शेड नंबर वर लिहून माळ्यावर ठेवा, सामान हलवताना टवका उडाला तर तोच लागेल.