वेव्हगाइडवर कण पकडताय? या चुका टाळा

वेव्हगाइडमधून, म्हणजे चिपवरच्या प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक पट्टीतून, जाणाऱ्या प्रकाशाचा थोडासा भाग वरच्या पाण्यात उतरतो आणि साधारण 100 ते 200 नॅनोमीटरच्या आत विरून जातो. कणाला खाली ओढून धरणं आणि पुढे ढकलणं, दोन्ही कामं या पातळ थरातच होतात. हे डोक्यात पक्कं न बसवता लेझर सुरू करणाऱ्यांच्या चुका मला आता पाठ झाल्या आहेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कण हलला की तो प्रकाशानेच हलवला असं धरून चालणं. आमच्या प्रयोगशाळेत एका नव्या विद्यार्थ्याने 1 मायक्रॉनच्या पॉलिस्टायरीन (एक प्लास्टिक) गोळ्यांचं देखणं चित्रण आणलं. गोळ्या वेव्हगाइडवरून पुढे सरकत होत्या, वेगाचा आलेखही तयार होता. मी त्याला परत चिप लावायला सांगितली आणि मधेच लेझरचं शटर बंद करायला लावलं. गोळ्या तशाच चालत राहिल्या! पाण्यावर झाकलेल्या पातळ काचेच्या, म्हणजे कव्हरस्लिपच्या, एका कडेचं सील सुटलं होतं. तिथून पाणी उडून जात होतं आणि आतलं पाणी त्या बाजूला ओढलं जात होतं. आधीची चित्रणं इतक्या जवळून घेतली होती की वेव्हगाइडपासून दूरच्या गोळ्या दिसतच नव्हत्या, त्यामुळे सगळी मोजणी बाद झाली. मी प्रत्येक चित्रणात थोडा वेळ लेझर अडवतोच आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा चौकटीत ठेवतो. जमेल तेव्हा प्रकाश चिपच्या दुसऱ्या टोकाकडून सोडतो. कण उलट दिशेला निघाले तरच माझा विश्वास बसतो. यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

दुसरी चूक: कण जागचा हलत नाही म्हणून पॉवर वाढवत नेणं. आधी लेझर बंद करून कणाकडे बघा. तो जराही थरथरत नसेल तर तो चिकटलेला आहे, आणि चिकटलेला कण पॉवर वाढवून सहसा सुटत नाही. बहुतेक वेळा दोष मिठाचा असतो. साध्या पाण्यात काच आणि पॉलिस्टायरीन दोन्हींवर ऋण भार असल्याने ते एकमेकांना दूर ठेवतात. शरीरातल्या द्रवाइतक्या खारट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) त्या प्रतिकर्षणाचा पल्ला 1 नॅनोमीटरच्याही आत येतो आणि कण चिकटतो. मी सुरुवात नेहमी डिआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने आणि किंचित सर्फॅक्टंटने (साबणासारख्या पदार्थाने) करतो. पॉवर चढवण्याची घाई 1550 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरला तर अजिबात नको: तिथे पाणी 1064 च्या मानाने कित्येक पटींनी जास्त प्रकाश शोषतं, तापतं, आणि त्या उष्णतेचे प्रवाह कणांना भलतीकडेच नेतात.

पहिल्याच दिवशी नॅनोकण घेऊ नका. तरंगलांबीहून बऱ्याच लहान कणाचा व्यास निम्मा केला की पकड आठव्या हिश्श्यावर येते.

चिपमध्ये प्रकाश सोडणारं फायबर जुळवताना फक्त बाहेर पडणारा उजेड पाहू नका, तो चिपच्या तळातूनही येतो. वेव्हगाइडवर विखुरलेल्या प्रकाशाची सलग रेघ दिसली पाहिजे.

बुडबुडा दिसला तर त्याला चुकवून काम करत बसू नका, चिपवरचं पाण्याचं चेंबर नव्याने भरा.