आधी छेद बघा: सांख्यिकी आणि संभाव्यतेत या चुका टाळा

कसोटी क्रिकेटमध्ये सचिन तेंडुलकरच्या धावा १५,९२१ आणि डाव ३२९. सरासरी काढा म्हटलं की निम्मा वर्ग सरळ भागाकार करून ४८.३९ सांगतो. उरलेले, म्हणजे क्रिकेटवाले, हसतात, कारण ५३.७८ हा आकडा त्यांना तोंडपाठ असतो. तो ३३ वेळा नाबाद राहिला. म्हणून भागायचं ते डावांनी नाही, तो जितक्यांदा बाद झाला त्या संख्येने, म्हणजे २९६ ने. सांख्यिकी शिकवताना मी याच गणितापासून सुरुवात करतो, कारण पेपर तपासताना दिसणाऱ्या चुका बहुतेक वेळा अंशात नसतात, छेदात असतात. बेरीज बरोबर, सूत्र पाठ, पण भागायचं कशाने हे ठरवण्याआधीच पेन चालू झालेलं.

'अ' तुकडीत ४० मुलं, सरासरी ६०. 'ब' तुकडीत ६० मुलं, सरासरी ७०. दोन्ही मिळून ६५? नाही. एकूण गुण २४०० अधिक ४२००, म्हणजे ६६००, आणि मुलं १००, म्हणून ६६. सरासऱ्यांची सरासरी तेव्हाच चालते, जेव्हा दोन्हीकडे मुलं सारखी असतात. तसंच गैरहजर मुलाचं. त्याला शून्य मिळालेलं नाही, तो मोजणीतच नाही. त्याला छेदात धरलं की हजर राहिलेल्यांची सरासरी उगाच खाली येते.

मध्यकात घसरगुंडी

१२, १८, ९, १५, २०, ७, १४. मधला आकडा १५, म्हणून मध्यक १५ असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. आधी चढत्या क्रमाने लावा: ७, ९, १२, १४, १५, १८, २०. मध्यक १४. चुकीचं उत्तर खऱ्याच्या इतकं जवळ असतं की कुणाला शंकाही येत नाही.

वर्गीकृत सारणीत गोष्ट आणखी बिघडते. हे उदाहरण घ्या: ०–१० मध्ये ४ मुलं, १०–२० मध्ये ८, २०–३० मध्ये १४, ३०–४० मध्ये १० आणि ४०–५० मध्ये ४. एकूण ४०, त्याचं निम्मं २०. संचित वारंवारता, म्हणजे त्या वर्गापर्यंतची एकूण मुलं: ४, १२, २६, ३६, ४०. विसावा मुलगा २६ मध्ये येतो, म्हणून मध्यकीय वर्ग २०–३०. इथवर सगळे येतात. मग सूत्रात संचित वारंवारता कोणती घालायची? मध्यकीय वर्गाच्या *आधीच्या* वर्गाची, १२. २० मधून १२ वजा केले की ८, भागिले १४, गुणिले १०, त्यात २० मिळवा: २५.७१.

घाईत २६ घातले तर वजाबाकी −६ येते आणि उत्तर १५.७१. इथे थांबून एकच प्रश्न विचारायचा: मध्यक २०–३० मध्ये आहे असं मीच दोन ओळींपूर्वी लिहिलं, मग तो १५ वर कसा गेला? हा ताळा दोन सेकंदांचा आहे आणि पोरं तो करत नाहीत. याच सारणीचा मध्य (म्हणजे सरासरी) २५.५ आणि बहुलक (म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारी किंमत) २६ येतो. तिन्ही आकडे एकमेकांना बिलगून आहेत, कारण वारंवारता मधल्या वर्गाच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी उतरत जाते. अशा सारणीत एखादं उत्तर लांब उभं दिसलं, तर आकडेमोड परत तपासा.

वर्ग १–१०, ११–२० असे दिले असतील तर आधी ते सलग करून घ्या: ०.५–१०.५, १०.५–२०.५. वर्गांतर १० आहे, ९ नाही. २० मधून ११ वजा करून ९ लिहिणारा हात थांबवायला मला अजून जमलेलं नाही.

छापा, काटा आणि काका

दोन नाणी फेकली. किमान एक छापा पडण्याची संभाव्यता किती? "दोन छापे, एक छापा, एकही नाही. तीनपैकी दोन, म्हणजे २/३." हे उत्तर देणाऱ्याला हसू नका. दालाँबेर हा फ्रान्सचा नावाजलेला गणिती. त्याने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातल्या लेखात हेच २/३ मांडलं होतं. त्याचं म्हणणं असं की पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच: छापा, काटा-छापा, काटा-काटा. शक्यता तीन आहेत हे खरं, पण त्या समसंभाव्य नाहीत. पहिलीची संभाव्यता १/२, उरलेल्या दोघींची १/४, १/४.

नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या निष्पत्तींची यादी, पूर्ण लिहा: छाछा, छाका, काछा, काका. ('काका' आला की वर्गात पाच मिनिटं वाया जातात, पण नमुना अवकाश जन्मभर लक्षात राहतो.) चारपैकी तिघांत छापा आहे, म्हणून ३/४.

दोन फाशांतही हीच गफलत होते. बेरीज २ ते १२, म्हणजे अकरा निष्पत्ती, म्हणून ७ येण्याची संभाव्यता १/११? निष्पत्ती ३६ आहेत. त्यांपैकी ७ सहा प्रकारांनी येतो, १२ एकाच प्रकाराने. (३, ४) आणि (४, ३) वेगळे मोजायचे. पटत नसेल तर एक फासा लाल आणि एक पांढरा आहे असं समजा.

पत्त्यांत दोन ठिकाणी पाय घसरतो. चित्रयुक्त पत्ते म्हणजे राजा, राणी, गुलाम; एक्का चित्रयुक्त पत्ता नाही, त्यामुळे चित्रयुक्त पत्ते १२, १६ नव्हेत. आणि 'लाल किंवा राजा' विचारलं की २६ अधिक ४ म्हणजे ३० होत नाहीत. बदामचा आणि चौकटचा राजा दोनदा मोजला गेला. उत्तर २८/५२, म्हणजे ७/१३.

पिशवीत ३ लाल, २ निळे चेंडू. एक काढून परत न टाकता दुसरा काढला, तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता ३/५ गुणिले २/४, म्हणजे ३/१०. दुसऱ्या अपूर्णांकाचा छेद ५ च ठेवला तर तुम्ही मनातल्या मनात चेंडू परत टाकलात.

आता लुडो. सहा पडल्याशिवाय सोंगटी घरातून निघत नाही. एका फेकीत १/६, मग सहा फेकींत सहा वेळा १/६, म्हणजे नक्की? ज्याची सोंगटी दहा डाव घरात बसून राहिली आहे त्याला विचारा. या हिशेबाने सात फेकींत संभाव्यता ७/६ होईल, आणि एकापेक्षा मोठी संभाव्यता नसते. 'किमान एकदा' हे शब्द दिसले की उलटीकडून जा. एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता ५/६ चा सहावा घात, साधारण ०.३३५. ती १ मधून वजा करा: ०.६६५.

प्रमाण विचलनाचं उत्तर जुळत नसेल तर

२, ४, ६, ८ चा मध्य ५. विचलनं, म्हणजे प्रत्येक आकड्यातून मध्य वजा करून उरलेलं: −३, −१, १, ३. त्यांची बेरीज शून्य आली नाही तर मध्यच चुकला, पुढे जाऊ नका. वर्गांची बेरीज २०. हेच चार आकडे म्हणजे पूर्ण समूह असेल तर ४ ने भागून विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ५, आणि मोठ्या समूहातून घेतलेला नमुना असेल तर ३ ने भागून ६.६७. कॅल्क्युलेटर आणि एक्सेल दोन्हीकडे यासाठी वेगवेगळे पर्याय असतात आणि पोरं हाताला येईल तो दाबतात. तुमचं विचरण पुस्तकातल्या उत्तराच्या जवळ येऊनही जुळत नसेल, तर सगळी आकडेमोड पुन्हा करायच्या आधी त्याला आकड्यांच्या संख्येने गुणून त्याहून एक कमी संख्येने भागून बघा (इथे ४ ने गुणून ३ ने), किंवा उलट करून बघा.