चर्चच्या छोट्या ग्रुपमध्ये वर्णभेदाचा विषय कसा काढायचा, आणि कुठलं कपाट आधी उघडायचं

मी मूळची नगरची, आता फिलाडेल्फियाच्या बाहेर एका उपनगरात राहते. आमच्या मेथडिस्ट चर्चचे आठ-नऊ जण दर गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमतो, आपल्याकडे कॉटेज मीटिंग म्हणतात ना तसंच, फक्त टाळ-पेटी नाही आणि चहाऐवजी कॉफी. 2020 मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉईड या ब्लॅक माणसाचा पोलिसाच्या हातून खून झाला तेव्हा आम्ही हा विषय पहिल्यांदा काढला आणि तो पार फसला. ग्रुपमध्ये ब्लॅक म्हणून एकच बाई, नर्स आहे ती, सगळ्यांनी मिळून तिलाच विचारलं की बाई तू सांग, आम्ही काय करू. ती म्हणाली, मी बारा तासांची शिफ्ट करून आलेय, तुम्हाला शिकवायला नाही, प्रार्थनेला आलेय. पुढचे तीन गुरुवार ती आलीच नाही.

दुसऱ्यांदा केलं ते बरं जमलं, म्हणून लिहितेय. तुमचं चर्च अमेरिकेत असेल आणि तुम्हीही ग्रुपमध्ये असाल तर उपयोग होईल.

आधी ठरवाठरवी. आठवडे मोजून ठरवा, आम्ही आठ धरले. "बघू जमेल तसं" म्हटलं की तिसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी मुलाची सॉकर मॅच येतेच. पाळकांना कानावर घाला पण चालवायला त्यांना सांगू नका, नाहीतर सगळे प्रवचन ऐकायला बसल्यासारखे गप्प बसतात. दोन जणांनी मिळून चालवायचं, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने घड्याळ आणि चेहरे बघायचे. नियम आमचे तीनच होते: स्वतःचं सांगायचं, दुसऱ्याच्या वतीने नाही, इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, आणि ज्याच्या अंगावरून हे सगळं गेलंय त्याने गप्प बसायचं ठरवलं तर त्याला टोकायचं नाही.

पहिल्या बैठकीत मतं विचारूच नका. मतं सगळ्यांकडे तयार असतात आणि ती टीव्हीवरून आलेली असतात. त्याऐवजी विचारा की आपण "कोणते" आहोत हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं? मी नगरच्या शाळेतलं सांगितलं, आडनाव विचारून झालं, ख्रिश्चन आहे हेही कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे आधीचे कोण?" त्या प्रश्नाचा अर्थ त्यांना समजावायला मला दहा मिनिटं लागली, पण ती नर्सबाई (हो, ती परत आली होती) लगेच हसली. मग माझी पण उलटतपासणी झाली. इथे घर घेताना आपलीच मंडळी व्हॉट्सअॅपवर "तिकडे नको, काळ्यांची वस्ती आहे" लिहितात, मी असं कधी लिहिलं का? लिहिलं नव्हतं, पण त्यांचं ऐकून मी पण एक घर सोडलं होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' छापली ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना सोडवलं म्हणून, आणि आपण इथे येऊन घरं बघताना असे.

वचन कुठलं घ्यायचं? चांगला शोमरोनी, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणारा, सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे तो नको, सगळे स्वतःला शोमरोनीच समजतात. आम्ही मार्क 4 घेतला, पेरणाऱ्याचा दाखला. 17 जून 2015 ला, बुधवारी संध्याकाळी, साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला, मदर इमॅन्युएल या ब्लॅक मंडळीच्या चर्चमध्ये, आमच्यासारखाच छोटा ग्रुप हाच अध्याय घेऊन बसला होता. एक अनोळखी गोरा पोरगा आला, त्यांनी त्याला जागा दिली, तो जवळजवळ तासभर बसला आणि मग त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. हे सांगून झाल्यावर अध्याय वाचा, आणि वाचून झाल्यावर लगेच कोणाला बोलू देऊ नका. नंतरच्या आठवड्यांसाठी प्रेषितांची कृत्ये 6 चांगलं आहे, जिथे ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं. मंडळी अगदी नवी असताना सुद्धा ताटात भेदभाव होताच. आणि गलतीकरांस 2, जिथे पेत्र माणसं बघून पंगत बदलतो आणि पौल त्याला तोंडावर बोलतो. पंगत म्हटल्यावर मला वेगळं काही समजावून घ्यावं लागलं नाही.

एक रविवार पायी फिरा. फिलाडेल्फियात हे सोपं आहे. फोर्थ स्ट्रीटवर सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्च अजून उभं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथे गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या ॲब्सलम जोन्स या ब्लॅक माणसाला गोरे ट्रस्टी उठवायला लागले, तो म्हणाला प्रार्थना संपेपर्यंत थांबा, ते थांबले नाहीत, आणि ब्लॅक मंडळी उठून बाहेर पडली. त्यांच्यातला रिचर्ड ॲलन जन्माने गुलाम, स्वतःची किंमत स्वतः भरून सुटलेला. त्याने 1794 मध्ये बेथेल चर्च सुरू केलं आणि 1816 मध्ये त्यातून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा वेगळा पंथ झाला. सेंट जॉर्जेसपासून त्या बेथेलला, आता मदर बेथेल म्हणतात, चालत वीसेक मिनिटं लागतात, खाली तळघरात ॲलनची कबर आहे. चालताना गप्पा आपोआप होतात, सोफ्यावर बसून होत नाहीत तशा.

आता मुख्य काम, म्हणजे कपाट. पुस्तकं वाचायच्या आधी, व्हिडिओ बघायच्या आधी, आपल्याच चर्चचं दप्तर काढा. सेक्रेटरीला विचारा, ट्रस्टींच्या मीटिंगची जुनी मिनिट-बुकं कुठे आहेत. आमची बॉयलर रूमच्या शेजारी ख्रिसमसच्या गोठ्याच्या पुतळ्यांमागे होती. सोबत नकाशा घ्या: 1930 च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे जे नकाशे रंगवले, हिरवा म्हणजे कर्जाला उत्तम आणि लाल म्हणजे धोक्याचा, ते रिचमंड युनिव्हर्सिटीने ऑनलाइन टाकलेत, फुकट बघता येतात. ब्लॅक लोकांची वस्ती जवळजवळ ठरून लालमध्ये. घर विकताना-देताना असा भेद करायला बंदी आली ती थेट 1968 च्या कायद्याने. आमच्या जवळच्या लेविटाऊनमध्ये 1957 मध्ये पहिलं ब्लॅक कुटुंब राहायला आलं तर घराबाहेर जमाव जमायचा, दगड फेकायचे.

आमचं चर्च आधी शहरात होतं हे सगळ्यांना माहीत होतं, पार्किंगसाठी बाहेर आलो असं सांगायचे. मिनिट-बुकात पार्किंगचा शब्द नव्हता. "वस्ती बदलत असल्याने" एवढंच होतं, तीन मीटिंगांत तीनदा, आणि खाली पाच सह्या. ते वाचत होते आमच्या ग्रुपमधले ऐंशीचे एक आजोबा, चश्मा कपाळावर ढकलून, पान डोळ्याजवळ धरून. चौथी सही त्यांच्या वडिलांची होती. त्यांनी पान मिटलं नाही, बोट तसंच सहीवर ठेवून म्हणाले, त्यांनी मला सायकल शिकवली याच रस्त्यावर. मग उठून कॉफी करायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. चालवणाऱ्याने अशा वेळी काही बोलू नये. मी बोलले, "इट्स ओके" की काय तरी, त्याची अजून लाज वाटते.

शेवटचे दोन आठवडे पुढे काय करायचं त्यासाठी राखा, आणि इथे घाई होते. आमच्यात लगेच कल्पना निघाल्या, एकत्र पिकनिक, एकत्र क्वायर, माफीचा फलक. नर्सबाई म्हणाली, आधी विचारा तरी. जुन्या इमारतीत आता एक ब्लॅक मंडळी भरते, त्यांच्या पाळकबाईंना पत्र लिहिलं, दोनच गोष्टी, की मिनिट-बुकात हे सापडलंय, आणि तुम्हाला आमच्याकडून काही हवंय का. कॅमेरा, चर्चचं न्यूजलेटर, फेसबुक पोस्ट यातलं काही करणार नाही हेही लिहा. उत्तर आलं, रविवारी उपासनेला या. गेलो, आमची अर्धी माणसं जीन्समध्ये आणि त्यांच्या बायका हॅट घालून, उपासना अडीच तास चालली, आमच्यातल्या दोघांनी तासाभरातच घड्याळं बघितली.

नंतर तळमजल्यावर जेवताना पाळकबाईंनी त्यांना काय हवंय ते सांगितलं. माफीबिफी नाही, इमारतीचे मूळ नकाशे. हीटिंगचे पाइप भिंतीतून कुठून कुठे जातात ते कोणालाच माहीत नाही, दर हिवाळ्यात प्लंबर भिंत फोडून शोधतो आणि बिल लावतो. नकाशे आमच्या त्याच कपाटात होते, खालच्या खणात, पिवळी पडलेली गुंडाळी. आजोबांनी ती स्वतः गाडीत मांडीवर धरून नेली.