गोल्फ कार्टची मोटर बदलताय? या चुका टाळा

एका कंपनीच्या कार्टची मोटर दुसऱ्या कंपनीच्या कार्टला चालते का? कधी कधी चालते. पण दांडा बसला म्हणजे मोटर जुळली, हा समज आधी काढून टाका. क्लब कार आणि ईझी-गो यांच्या बऱ्याच मोटरींना १९ दात्यांचे स्प्लाइन (दांड्यात बसणारे खाचे-दाते) असते. फ्लँज (मोटर बसवायची कड) आणि बोल्टची भोकं मात्र सारखी नसतात, आणि खरा घोटाळा तर आत, वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत असतो.

डीसी मोटरी मुख्यतः दोन प्रकारच्या: सीरिजमध्ये फिरत्या भागाची (आर्मेचर) आणि स्थिर भागाची (फिल्ड) गुंडाळी एकापाठोपाठ जोडलेली असते, सेपेक्समध्ये फिल्डला वेगळा करंट मिळतो. सीरिज मोटरचे वायर जोडायचे चारही बोल्ट (ए१, ए२, एस१, एस२) सारखे जाड असतात. सेपेक्स मोटरचे ए१, ए२ जाड आणि एफ१, एफ२ बारीक. रिवाइंड होऊन रंग चढलेल्या मोटरवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून फिल्डच्या दोन टोकांमध्ये मीटर लावाच. जवळपास शून्य आलं तर सीरिज, एक ओहमच्या आगेमागे आलं तर सेपेक्स. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टातली गोष्ट. सीरिज कंट्रोलर (मोटरचा करंट कमी-जास्त करणारं यंत्र) असलेल्या जुन्या कार्टला स्वस्तात मिळालेली सेपेक्स मोटर बसवली. सपाटीवर कार्ट हलली, सगळे खूश. समुद्राकडून वर येणाऱ्या जांभ्याच्या चढणीवर पाहुणे आणि सामान घेऊन निघाली, तेव्हा आर्मेचरचा सगळा करंट त्या बारीक फिल्डमधून वाहू लागला. वॉर्निश जळाल्याचा वास आला आणि कार्ट थांबली. दोष रिवाइंडिंगवाल्याला दिला, मोटर पुन्हा भरून घेतली, तशीच लावली आणि ती पुन्हा जळाली. दोन रिवाइंडिंगच्या खर्चात योग्य कंट्रोलरचा बराचसा पैसा निघाला असता. उलट, सेपेक्स कंट्रोलरला सीरिज मोटर जोडली तर कंट्रोलर फिल्डचा फॉल्ट दाखवून थांबतो किंवा त्याचा फिल्डचा भाग उडतो.

दुसरी घातक चूक म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या मोटरला ४८ व्होल्ट देऊन बघणं. सीरिज मोटरला भार नसेल तर वेग वाढतच जातो. आर्मेचरची गुंडाळी सुटून बाहेर येते. एकच १२ व्होल्टची बॅटरी घ्या, ए१ आणि एस१ एकमेकांना जोडा, ए२ आणि एस२ला बॅटरी लावा, तीही क्षणभरच, मोटर शिकंजात घट्ट धरून. शिवाय यातल्या बऱ्याच मोटरींना बेअरिंग फक्त ब्रशच्या बाजूला असतं. दुसरं टोक अ‍ॅक्सलच्या दांड्यावरच टेकतं. असं आर्मेचर आधाराशिवाय फिरवलं तर फिल्डला घासतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

कार्ट उलटी धावली तर एस१ आणि एस२च्या तारा अदलाबदल करा. ए आणि एस दोन्ही बदलल्या तर दिशा तीच राहते. ब्रशची कोनरचना एकाच दिशेसाठी ठेवलेली असेल तर उलट चालवल्यावर ठिणग्या वाढतात, हे ध्यानात ठेवा.

स्पीड सेन्सरची वायर नव्या मोटरला जुळत नसेल तर कार्ट रांगतच चालते. बॅटऱ्या बदलत बसू नका.

ईझी-गोच्या आरएक्सव्ही मॉडेलच्या एसी मोटरवर पार्किंग ब्रेक बसवलेला असतो. ती काढून दुसरी लावली तर चढणीवर गाडी उभी राहणार नाही. हा शॉर्टकट अजिबात नको.

टर्मिनलचा वरचा नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरा. स्टड फिरला की आतला जोड तुटतो.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ब्रशची धूळ ओल धरते. सेकंडहँड मोटर लावण्यापूर्वी कंट्रोलर सोडवून टर्मिनल आणि बॉडीमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर ब्रशची धूळ झाडा, बल्बच्या उबेत दोन दिवस सुकवा आणि पुन्हा मोजा. पावसाळ्यात दोनाचे चार दिवस लागले तरी थांबा. टर्मिनल पॉलिश पेपरने घासा, नट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली लावा; आधी लावू नका. मोठी मोटर घालत असाल तर केबल ३५ चौरस मिमीची, कथिल चढवलेल्या तांब्याची घ्या. साधं तांबं इथे लगच्या (केबलच्या टोकाला बसवलेल्या जोडाच्या) आत हिरवं पडतं, आणि बाहेरून ते दिसत नाही.