सेटअपनंतर मुका झालेला सूर: दोष फ्रेटचा, तारेचा की लाकडाचा?

गिटारचं सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) झालं, तारा खाली आल्या, बोटांना हलकं वाटायला लागलं, आणि नेमक्या एकाच जागी सूर टक्कन बसतो. अशा वेळी हात आधी ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) आत तिचा बाक ठरवणाऱ्या सळईच्या, अॅलन कीकडे जातो. तो आवरा. ट्रस रॉड फिरवला की जवळजवळ सगळ्या नेकवरचं अंतर बदलतं आणि दोष कुठे होता याचा मागच उरत नाही.

आधी ऐका. इलेक्ट्रिक असेल तर अॅम्प बंद ठेवा. सूर दोन तऱ्हांनी मरतो. पहिल्या तऱ्हेत छेडताक्षणी बारीक खरखर येते आणि सूर आखडतो. म्हणजे तार पुढच्या, बॉडीच्या बाजूच्या, कुठल्या तरी फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आपटते आहे. दुसऱ्या तऱ्हेत खरखर मुळीच नाही, सुरुवात स्वच्छ, पण शेजारचे सूर रेंगाळत असताना हा लवकर विरतो. तिथे बहुधा नेकचं लाकूडच तारेचं कंपन शोषून घेत असतं.

कानाला खात्री नसेल तर ती एकच तार अर्ध्या स्वराने उतरवा. समजा ७व्या फ्रेटवर सूर मुका होता. तार उतरवल्यावरही तो ७व्यावरच मुका राहिला, तर दोष त्या जागेचा आहे: फ्रेट, उंची, बाक. मुकेपणा ८व्यावर सरकला, तर तो जागेला नव्हे, स्वराला चिकटलेला आहे आणि फ्रेट घासून काही साधणार नाही. तार सैल झाल्याने खरखर थोडी वाढते, तिकडे दुर्लक्ष करा.

दोष जागेचा निघाला तर जागाच बरंचसं सांगून जाते.

फक्त मोकळी तार बसकी आणि दाबल्यावर सगळं ठीक, तर दोष नटचा, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा. तार २ऱ्या आणि ३ऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि १ल्या फ्रेटवर तिच्याखाली फट दिसते का पाहा. केसाएवढी फट हवी. तार फ्रेटला टेकलेली असेल तर खाच खोल गेली आहे. फट असूनही सतारीसारखी झण येत असेल, तर खाचेचा तळ सपाट किंवा उलट्या उताराचा आहे. सतारीत ही झण, म्हणजे जवारी, मुद्दाम काढतात, गिटारच्या नटवर ती चूक असते. तळ खुंट्यांच्या बाजूला उतरता हवा, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरूनच सुटते.

साधारण १ ते ५ फ्रेटपर्यंत सगळंच गुदमरत असेल तर नेक फार सरळ झाली आहे किंवा मागे वाकली आहे. सेटअपमध्ये आधीपेक्षा हलक्या तारा चढवल्या की असं हमखास होतं, कारण ओढ कमी होते आणि ट्रस रॉड मात्र पूर्वीइतकाच आवळलेला राहतो. १ल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि ७-८व्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज (ठरावीक जाडीचं मोजपातं) सरकवा. इलेक्ट्रिकवर ०.१५ ते ०.२५ मिमी, अकूस्टिकवर ०.२ ते ०.३ मिमी बाक चालतो. कमी भरला तर, आता मात्र, ट्रस रॉड सैल करा: एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त नाही, मग तारा पुन्हा सुरात आणून पुन्हा मोजा.

१२व्याच्या पुढेच त्रास असेल तर ट्रस रॉडला हात लावू नका. तिथे सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात तो भाग) खाली गेलेलं असतं किंवा नेक बॉडीला मिळते तिथे फिंगरबोर्डला उंचवटा आलेला असतो.

एकाच फ्रेटवर सूर मरतो, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. गुन्हेगार बहुधा दाबलेला फ्रेट नसतो, त्याच्या पुढचा असतो. तो आधीपासूनच वर आलेला असतो, तारा उंच होत्या तोवर कळत नव्हतं इतकंच. फ्रेट रॉकरची (फ्रेट तपासायच्या छोट्या पट्टीची) सरळ कड तीन फ्रेटवर ठेवा. डुगडुगली तर मधला उंच. धातूच्या तारा असतील तर मल्टिमीटरचीही गंमत करता येते: एक टोक तारेला ब्रिजपाशी अडकवा, ५वा फ्रेट दाबून तार छेडा आणि दुसरं टोक ६व्या, ७व्या, ८व्या फ्रेटला लावत जा. बीप आला की धडक तिथेच. बीप न येणं म्हणजे मात्र निर्दोष नव्हे, ओझरता स्पर्श मीटरला चुकतो.

उंच फ्रेट सापडला म्हणून लगेच घासू नका. लाकडी काडीने त्याची दोन्ही टोकं आणि मधला भाग दाबा. दबतो आहे, म्हणजे सुटलेला आहे. आज घासला आणि उद्या खाली बसला तर तोच फ्रेट ठेंगणा होईल आणि त्यावरचे सूर बसतील. दोन्ही बाजूंना टेप लावा, पातळ सुपरग्लूचा एक थेंब कडेने ओढला जाऊ द्या आणि वाळेपर्यंत फ्रेट दाबून धरा. घट्ट असूनही उंच असेल तरच कानस.

एकच तार वरपासून खालपर्यंत मेलेली असेल तर तारच बदला. जाड तार ९० अंशांत न दुमडता कापली की वरची गुंडाळी आतल्या गाभ्यावरून सैल होऊ शकते आणि नवी कोरी तारही जुन्यासारखी वाजते. इलेक्ट्रिकवर जाड तारांचे वरचे सूर डगमगून बसत असतील तर पिकअप (तारांखालचा, त्यांचं कंपन टिपणारा चुंबकी भाग) फार वर आलेला आहे. त्याचं चुंबक तार ओढतं. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांच्यात २ ते ३ मिमी अंतर राहू द्या.

राहिला लाकडाचा मुकेपणा. बासवर तो पहिल्या तारेच्या ५ ते ७ फ्रेटच्या आसपास फार वेळा भेटतो. अकूस्टिकवर त्याचा चुलतभाऊ १०० हर्ट्झच्या शेजारी, म्हणजे सहाव्या तारेच्या ३ऱ्या-४थ्या फ्रेटपाशी असतो: सूर दणक्यात उठतो आणि लगेच संपतो, कारण पेटीतल्या हवेचा स्वतःचा स्वर तिथेच असतो. आवाजाचं भोक तळहाताने अर्धं झाकून तोच सूर वाजवा, फरक पडला तर निदान पक्कं. इलेक्ट्रिक आणि बासला हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) कापड घालून छोटा क्लॅम्प लावून पाहा. वजन वाढलं की नेकचा स्वर खाली उतरतो. मुका सूर नाहीसा होत नाही, सरकतो. दोन फ्रेटच्या मधे कुठे तरी जाऊन बसला की क्लॅम्पच्या जागी तेवढ्याच वजनाची पितळी पट्टी कायमची लावून टाका.