काइटबोर्डिंग शिकताना या चुका टाळा

काइटबोर्डिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून घसरत जाणं. त्यातली सर्वांत घातक चूक म्हणजे घाबरल्यावर बार, म्हणजे काइट वळवायचा हातातला दांडा, घट्ट धरून ठेवणं. तोल जाताना माणूस हाताला लागेल ते ओढतो, पण बार अंगाकडे आला की काइटचा जोर आणखी वाढतो. अशा वेळी आधी बार सोडा. तो वर सरकतो आणि ओढ लगेच घटते. तेवढ्याने भागलं नाही तर चिकन लूपवरचं (काइट कमरेच्या पट्ट्याला जोडणाऱ्या कड्यावरचं) क्विक रिलीज, म्हणजे झटकन सुटणारी कळ, उघडा. मग काइट फक्त लीशच्या (अंगाला जोडलेल्या सुरक्षा दोरीच्या) लाइनवर राहतो आणि बहुतेक जोर गमावून खाली येतो. तरीही तो फरफटत नेत असेल तर शेवटी लीश सोडा. मोकळा सुटलेला काइट वाऱ्याच्या दिशेला असलेल्या माणसांना इजा करू शकतो, म्हणून हा क्रम उलटा करू नका. रिलीजमध्ये वाळू अडकली तर ते ऐन वेळी उघडत नाही. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा आणि न बघता उघडण्याचा सराव करा.

वाऱ्याचा अंदाजही असाच चुकतो. वारा १२ नॉटवरून (सागरी मैल प्रति तास) १८ नॉटवर गेला की वेग दीडपट होतो, पण ओढ सव्वादोनपट होते. म्हणून सरासरी पाहून काइट निवडू नका, झोतांचा आकडा पाहा. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात उतरूच नका, कारण काही बिघडलं तर तो तुम्हाला आत खोल नेतो. थेट किनाऱ्याकडे येणारा वाराही नवशिक्याला वाळूवर आणून आपटतो. शिकायला किनाऱ्याला समांतर किंवा किंचित तिरका किनाऱ्याकडे येणारा वारा बरा. क्षितिजावर काळे ढग चढताना दिसले की झोत पोहोचण्याआधीच काइट उतरवा.

उडवण्याआधी प्रत्येक लाइन (काइटची दोरी) बारपासून काइटपर्यंत हातात धरून तपासा. डाव्या-उजव्या लाइनची अदलाबदल झाली तर काइट भलत्याच बाजूला वळतो, आणि वळवायचा प्रयत्न केला की परिस्थिती आणखी बिघडते. लाइन साधारण २० ते २४ मीटर असतात, म्हणून वाऱ्याच्या दिशेला किमान ५० मीटर जागा मोकळी हवी: दगड, खांब, माणसं काही नको. काइट हवेत गेला की वाळूवर उभं राहून तो डोक्यावर धरून ठेवू नका. एखादा झोत तुम्हाला सरळ वर उचलेल. काइट पाण्याच्या बाजूला खाली ठेवून लगेच पाण्यात चला.

लाइन कधीही हाताला गुंडाळू नका. ओढ आली तर बोटं कापली जातात. बोर्डला पायाची दोरी बांधू नका. ताणलेली दोरी बोर्ड उसळवून डोक्यावर आणते. सुटलेला बोर्ड मिळवायला काइटच्या साहाय्याने अंग पाण्यात घासत वाऱ्याच्या विरुद्ध तिरकं जाणं आधी शिका, बोर्डवर उभं राहणं नंतर. हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट (आपटल्यावर मार झेलणारं जाकीट) पहिल्या दिवसापासून घाला.